रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यातील उपकारक जिवाणू : पार्श्वभूमी

गोव्यातील फोंडा, सत्तरी, सांगे अशा तालुक्यांतील गोठ्यांमध्ये पेंड, कोंडा आणि खनिज मिश्रणाच्या जोडीला 'प्रोबायोटिक' (म्हणजे उपकारक जिवाणू) असे छापलेली पाकिटेही आता येऊ लागली आहेत. दूध वाढेल, फॅट लागेल, वासरांची हगवण थांबेल, असे सगळे दावे त्यांवर एका दमात केलेले असतात. प्रत्यक्षात या दाव्यांची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांच्यामागील पुराव्याचे वजनही सारखे नाही.

उपकारक जिवाणूंची कल्पना गोठ्यात जन्मली नाही. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने तेथील दह्यातील जिवाणू ओळखला आणि त्यानंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी असा सिद्धान्त मांडला, की आतड्यातील कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे म्हातारपण लवकर येते आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणू त्यांना आवर घालू शकतात. मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, मात्र ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. दह्याच्या सिद्धान्ताला त्या नावाच्या वलयाचा लाभ झाला, इतकेच. जनावरांच्या बाबतीत ही कल्पना पुढे कित्येक वर्षे बाजूलाच राहिली, कारण दरम्यान प्रतिजैविके आली.

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टाड आणि ज्यूक्स यांना असे आढळले, की क्लोरटेट्रासायक्लिन बनवताना उरलेला चोथा खाद्यात मिसळला असता कोंबडीची पिल्ले वेगाने वाढतात. थोड्याच काळात वासरे, डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात रोजची थोडीथोडी प्रतिजैविके घालणे हा उद्योगाचा नियम होऊन बसला. १९७५ मध्ये अमेरिकेत मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांकरिता मोनेन्सिन या प्रतिजैविकाला मान्यता मिळाली. ते कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार पोटांपैकी चारा आंबवणाऱ्या मोठ्या पहिल्या पोटातील) ठरावीक जिवाणूंना दाबून आंबवण्याची दिशाच बदलत असल्यामुळे कमी खाद्यात तेवढीच वाढ मिळू लागली. याच्या उलट बाजूने, म्हणजे जिवाणू मारण्याऐवजी जिवाणू घालून तोच परिणाम साधण्याचा विचार पशुखाद्याच्या संदर्भात १९७४ मध्ये आर. बी. पार्कर यांनी मांडला. त्यांच्या 'प्रोबायोटिक'च्या व्याख्येत जिवाणूंबरोबर इतर पदार्थही येत होते. १९८९ मध्ये रॉय फुलर यांनी ते वगळून सूक्ष्मजीव जिवंत असलाच पाहिजे, ही अट घातली.

या विचाराला खरी बाजारपेठ मात्र कायद्याने मिळवून दिली. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू खाद्याच्या वाटेने माणसांपर्यंत पोहोचू शकतात, असा इशारा ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्येच दिला होता. वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर पहिली बंदी स्वीडनने १९८६ मध्ये घातली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ती लागू झाली, त्यात गुरांसाठीचे मोनेन्सिनही आले. रिकाम्या झालेल्या जागी काय विकायचे, हा प्रश्न पशुखाद्य कंपन्यांपुढे होता. त्यामुळे पुढील काळात उपकारक जिवाणूंविषयी जे भरभरून लिहिले गेले, त्यातील काही भाग विज्ञानाचा आणि काही भाग व्यापाराचा आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते.

कोंबडीवर किंवा डुकरावर झालेले काम गाईला जसेच्या तसे लागू होत नाही, याचे कारण कोटीपोट. त्यातील सूक्ष्म प्राणी ग्रूबी आणि देलाफोन यांनी १८४३ मध्येच पाहिले होते. परंतु तेथील जिवाणू प्राणवायूच्या स्पर्शानेही मरत असल्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढवण्याची भरवशाची पद्धत रॉबर्ट हंगेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास बसवली, तेव्हा कुठे त्यांचा नीट अभ्यास सुरू झाला. पेंढ्यातील जो तंतू आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लांवर गाईची बहुतांश ऊर्जेची गरज भागते. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास माल असतो आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात. पाकिटातून मिळणारी दिवसाची मात्रा बहुधा तेवढीच, हजार कोटींच्या घरातली असते. म्हणजे अख्खी मात्रा कोटीपोटातील एका मिलिलिटरची बरोबरी करते, आणि तिथे असे मिलिलिटर लाखभर असतात. शिवाय आधीच वस्ती करून असलेले जिवाणू नव्याला सहसा टिकू देत नाहीत. त्यामुळे मोठ्या जनावराला दिलेला जिवाणू रोज द्यावा लागतो, आणि देणे थांबले की तो काही दिवसांत दिसेनासा होतो.

वासराची गोष्ट वेगळी आहे. जन्मतः त्याचे कोटीपोट चालू झालेले नसते, प्यायलेले दूध थेट चौथ्या पोटात उतरते आणि आतड्यातील जिवाणूंची वस्ती नुकतीच बसत असते. हगवणीने वासरे दगावतात ती याच पहिल्या आठवड्यांत. या काळात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू दिल्यास हगवणीचे प्रमाण कमी होते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले आहे. पाकिटावरच्या दाव्यांपैकी माझ्या मते सर्वांत भक्कम दावा हाच. अर्थात व्यायल्यानंतर वेळेवर पाजलेल्या चिकाची जागा कोणतेही पाकीट घेऊ शकत नाही.

मोठ्या जनावराच्या कोटीपोटात बाहेरचा जिवाणू कायमचा रुजवल्याचे ठळक उदाहरण सुबाभळीमुळे घडले. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात, पण मिमोसिन नावाचे द्रव्यही असते. कोटीपोटात त्यापासून बनणारा पदार्थ गलग्रंथीला (थायरॉइडला) बाधतो आणि ऑस्ट्रेलियातील गुरे या पाल्याने आजारी पडत. हवाईतील शेळ्यांना मात्र तो पाला सहज पचत असे. रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात हवाईच्या शेळ्यांमधील जिवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात घातले आणि बाधा थांबली. इतकेच नव्हे, तर ते जिवाणू कळपात एका जनावराकडून दुसऱ्याकडे पसरले. १९९२ मध्ये त्यातील जिवाणूला सिनर्जिस्टिस जोनेसी हे नाव मिळाले. तो जिवाणू टिकला, कारण तो जे खात होता ते तिथे दुसरा कोणीही खात नव्हता. सुबाभूळ खाण्यात असेपर्यंत त्याला मोकळी जागा होती. दूध वाढवण्याच्या सर्वसाधारण आश्वासनासह विकल्या जाणाऱ्या जिवाणूंना अशी जागा कुठे मिळणार, हा प्रश्न त्यामुळेच विचारावासा वाटतो.

अशी एक जागा खुराकाच्या अतिरेकाने तयार होते. पिष्टमय खाद्य अचानक वाढले की कोटीपोटात लॅक्टिक आम्ल साचते, आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि दुधाची फॅट खाली येते. जनावर खाणे सोडते, क्वचित दगावतेही. मेगास्फेरा एल्सडेनी हा लॅक्टिक आम्ल खाणारा जिवाणू याच कामासाठी तोंडावाटे पाजण्याच्या स्वरूपात विकसित करण्यात आला. यीस्ट हा जिवाणू नव्हे, एक प्रकारची बुरशी आहे, पण दुकानात तो याच फळीवर असतो. दुभत्या गाईंना यीस्ट देण्याचा अभ्यास एकल्स आणि विल्यम्स यांनी १९२५ मध्येच प्रसिद्ध केला होता.

गोव्यात ही परिस्थिती तुलनेने नवी आहे. धनगर-गवळ्यांच्या म्हशी आणि २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली श्वेतकपिला गाय रानातल्या चाऱ्यावर व भाताच्या पेंढ्यावर पोसली जात असे. जोडीला पेज, कोंडा किंवा खोबऱ्याची पेंड मिळे. मुक्तीनंतर संकरित गाई आल्या, सहकारी दूध संकलन वाढले आणि गोळी पेंडीचे प्रमाणही वाढले, पण हिरव्या चाऱ्याची जमीन वाढली नाही. तंतू कमी आणि खुराक जास्त असा आहार इथे बऱ्याचदा निवडीने नव्हे, तर चाऱ्याच्या टंचाईने ठरतो. लग्नकार्यातील उरलेला भात जनावरांपुढे ओतण्याची सवय त्यात भर घालते. अशा गोठ्यात जिवाणू किंवा यीस्ट यांचा काही उपयोग दिसू शकतो. पेंढ्यावर आणि चरण्यावर असलेल्या जनावराला मात्र त्यातून फारसे मिळण्याचे कारण नाही.

जिवाणूंची निवडही हवामानाशी जोडलेली आहे. लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू गोळी पेंड बनवतानाच्या उष्णतेत बहुतांशी मरतात आणि दमटपणाही त्यांना सोसत नाही. बॅसिलस गटातील जिवाणूंचे बीजाणू दोन्ही सोसतात, म्हणून तयार खाद्यात तेच अधिक वापरले जातात. एंटरोकॉकस फीशियम पूर्वीपासून वापरात आहे. परंतु या जातीचे काही वाण प्रतिजैविकांना दाद न देण्याचे गुणधर्म इतर जिवाणूंकडे पोहोचवू शकतात, त्यामुळे युरोपात सुरक्षित मानल्या गेलेल्या जिवाणूंच्या सर्वसाधारण यादीत त्याला स्थान नाही आणि प्रत्येक वाणाची स्वतंत्र तपासणी होते. एकाच जातीच्या दोन वाणांचे गुण वेगळे असू शकतात. म्हणून पाकिटावर केवळ जातीचे नाव असून वाणाचा क्रमांक, मुदत संपेपर्यंत हमी दिलेली जिवंत जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीचे तापमान नसेल, तर जूनमध्ये उघडून पावसाळाभर गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या त्या पाकिटात ऑगस्टमध्ये किती जिवाणू जिवंत असतील, याचा अंदाज विकणाऱ्यालाही करता येणार नाही.