एनएफएलमधला जर्नीमन डिफेन्सिव्ह खेळाडू

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये जो खेळाडू कुठल्याच एका टीमचा होऊन राहत नाही, दोन वर्षं इथे, एक वर्ष तिथे, मधेच दोन महिने घरी बसून फोनची वाट बघ, असं करत करत सात-आठ-दहा सीझन काढतो, त्याला जर्नीमन म्हणतात. क्वार्टरबॅक असेल तर असा माणूस निदान लोकांच्या लक्षात तरी राहतो कारण बॉल त्याच्या हातात असतो, पण डिफेन्समधला (समोरच्या टीमला अडवणाऱ्या फळीतला) जर्नीमन, म्हणजे तिसऱ्या नंबरचा सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा), राखीव लाइनबॅकर (पुढच्या लाइनच्या मागे उभा राहणारा), मधे फक्त जागा अडवून उभा राहणारा नोझ टॅकल, यांची नावं त्या त्या शहरातल्या पक्क्या फॅनलासुद्धा दोन वर्षांनी आठवत नाहीत. कमी पडला म्हणून फिरतोय असं बरेच जण धरून चालतात. मला ते अर्धंच पटतं, कारण यातले बरेचसे लोक खेळ कमी पडला म्हणून नाही तर पैशाचं आणि सिस्टीमचं गणित बदललं म्हणून हलतात.

आधी आकडे बघू. लीगमध्ये ३२ टीम, प्रत्येकीला सीझनमध्ये ५३ खेळाडू ठेवता येतात, पण उन्हाळ्यातल्या ट्रेनिंग कॅम्पला ९० जण येतात. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक टीममधून ३७, सगळी लीग मिळून जवळपास १२०० माणसं दोन-चार दिवसांत बाहेर. हे सांगायला टीमचा एक कर्मचारी येतो, त्याला लॉकर रूमच्या भाषेत टर्क म्हणतात, तो सकाळी दाराशी येऊन एवढंच म्हणतो की कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. प्लेबुक म्हणजे पूर्वी डावपेचांची जाडजूड फाइल असायची, आता आयपॅड असतो, तो परत जमा करायचा, डॉक्टरकडून शेवटची तपासणी, एक-दोन सह्या आणि दुपारच्या फ्लाइटचं तिकीट. जर्नीमनच्या करिअरमध्ये हा सीन एकदा नाही, चार-पाच वेळा येतो, आणि नंतर नंतर तो पावलांच्या आवाजावरूनच ओळखतो असं बरेच जुने खेळाडू सांगतात.

पुढे काय होतं ते किती वर्षं खेळलाय त्यावर ठरतं. चार अॅक्रूड सीझन (टीमच्या यादीत, म्हणजे रोस्टरवर, किमान सहा मॅच असलेली वर्षं) पूर्ण नसतील तर त्याचं नाव वेव्हर्सवर जातं, म्हणजे बाकीच्या ३१ टीमना साधारण एक दिवस मिळतो, ज्यांचा रेकॉर्ड सगळ्यात खराब त्यांचा पहिला हक्क, आणि जी टीम उचलेल तिला त्याचं चालू काँट्रॅक्ट जसंच्या तसं घ्यावं लागतं, खेळाडूला विचारायचा प्रश्नच नाही. सोमवारी फ्लोरिडात असलेला मुलगा बुधवारी विस्कॉन्सिनमध्ये प्रॅक्टिसला उभा असतो ते यामुळे. कुणीच उचललं नाही तर मोकळा, मग प्रॅक्टिस स्क्वॉड. तिथे २०२० पासून १६ जागा आहेत. हे लोक आठवडाभर समोरच्या टीमची नक्कल करून आपल्या मुख्य खेळाडूंना सराव देतात. २०२५ मध्ये तरुण खेळाडूला तिथे आठवड्याला १३,००० डॉलर मिळायचे, ऐकायला भरपूर वाटतात पण ते फक्त सीझनच्या आठवड्यांचे, आणि कुठल्याही मंगळवारी बंद होऊ शकतात. दुसरी टीम त्याला तिथून पळवू शकते पण अट अशी की सरळ ५३ मध्ये घ्यायचं आणि किमान तीन आठवड्यांचा पगार द्यायचा.

जुन्या माणसाचं दुखणं वेगळं. पगाराची किमान पातळी अनुभवाप्रमाणे चढत जाते, २०२५ मध्ये नवख्याला ८ लाख ४० हजार डॉलर आणि सात वर्षं झालेल्याला १२ लाख ५५ हजार. आता शेवटच्या राखीव कॉर्नरबॅकच्या (मागच्या फळीत कडेला खेळणाऱ्याच्या) जागेसाठी दोघं जवळपास सारखेच असतील तर कुठली टीम महागडा घेईल? यावर तोडगा म्हणून लीग आणि खेळाडूंच्या युनियनने अशी सोय केली की म्हाताऱ्याला (एनएफएलमध्ये तिशीचा माणूस म्हातारा) एका वर्षाच्या किमान काँट्रॅक्टवर घेतलं तर पगार त्याला पूर्ण मिळतो पण सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) तो दोन वर्षांच्या खेळाडूएवढाच मोजला जातो. त्यामुळे जर्नीमनचं जवळजवळ प्रत्येक काँट्रॅक्ट एका वर्षाचं असतं. आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाही, अनुभवी खेळाडू पहिल्या मॅचला रोस्टरवर असेल तर नंतर काढला तरी तो उरलेल्या सीझनचा पगार मागू शकतो, म्हणून कित्येक टीम त्याला आधी सोडतात आणि पहिली मॅच झाली की मंगळवारी परत बोलावतात. तोंडी सांगून ठेवलेलं असतं, घरी थांब, फोन करतो. कधी येतो, कधी नाही.

डिफेन्सच्या माणसाला हे भटकणं जास्त का लागतं याचं एक कारण सिस्टीम आहे. काही टीम पुढे चार लाइनमन आणि मागे तीन लाइनबॅकर ठेवतात, काही तीन आणि चार, आणि कोच बदलला की एका रात्रीत अर्ध्या लोकांचं काम बदलतं. टेड वॉशिंग्टनचं उदाहरण घ्या, सहा फूट पाच इंच, वजन साडेतीनशे पाउंडांच्या वर, सेंटरसमोर (बॉल मागे देणाऱ्या समोरच्या खेळाडूसमोर) उभा राहिला की दोन-दोन माणसं अडकवून ठेवायचा. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत) पहिल्या राउंडला निवडला गेला आणि २००७ पर्यंत १७ सीझन खेळला, सात टीमकडून: सॅन फ्रान्सिस्को, डेन्व्हर, बफेलो, शिकागो, न्यू इंग्लंड, ओकलंड, क्लीव्हलंड. बफेलोत २००१ ला नवा कोच आला, तीन-चारची पद्धत गेली, वॉशिंग्टनही गेला. शिकागोने घेतलं आणि त्याच वर्षी ती टीम १३ जिंकून ३ हरलेली, लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट दिलेली, लाइनबॅकर ब्रायन अर्लाकर मागे मोकळा धावायचा कारण पुढे वॉशिंग्टन आणि कीथ ट्रेलर भिंत करून उभे असायचे. २००३ ला न्यू इंग्लंडने ड्राफ्टमधला चौथ्या राउंडचा पिक (निवडीचा हक्क) देऊन त्याला आणला, मधे पाय मोडला, तरी परत आला, सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला, आणि पुढच्याच वर्षी ओकलंडला. चार वेळा प्रो बोल (लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच) खेळलेल्या माणसाला जर्नीमन म्हणावं का यावर वाद घालता येईल, पण फिरण्याची तऱ्हा तीच.

दुसरं कारण कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्स चालवणारा कोच, आणि माझ्या मते हेच खरं. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नव्या टीमला जातो तेव्हा त्याला आपली भाषा येणारी दोन-तीन माणसं बरोबर हवी असतात, जी बाकीच्यांना प्रॅक्टिसमध्ये सांगतील की हा कॉल आला की इकडे सरकायचं. जिम लेनर्डची सगळी करिअर याच धाग्याने विणलेली आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या टोनी नावाच्या शंभर-सव्वाशे वस्तीच्या गावचा, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनमध्ये स्कॉलरशिपशिवाय शिरला, २००२ च्या सीझनमध्ये ११ इंटरसेप्शन घेतल्या (समोरच्या टीमचा पास मधेच पकडणं), तरीही २००५ च्या ड्राफ्टमध्ये सात राउंड संपले आणि कुणी नाव घेतलं नाही. बफेलोने ड्राफ्टबाहेरून घेतला, तीन वर्षं ठेवला, सोडला. २००८ ला बाल्टिमोरने राखीव म्हणून घेतला, तिथे नेहमीचा सेफ्टी डॉन लँड्री जखमी झाला आणि हा एड रीडच्या शेजारी स्टार्टर झाला. कोऑर्डिनेटर होता रेक्स रायन. २००९ ला रायन न्यूयॉर्क जेट्सचा हेड कोच झाला आणि बाल्टिमोरहून तीन जण घेऊन गेला, बार्ट स्कॉट, मार्क्वेस डग्लस आणि लेनर्ड. त्या वर्षी जेट्सचा डिफेन्स लीगमध्ये पहिला. मागे उभं राहून बाकीच्यांना जागेवर लावायचं काम या बुटक्याकडे होतं.

डिसेंबर २०१० मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध सोमवार रात्रीची मोठी मॅच होती, त्याआधी प्रॅक्टिसमध्ये साध्या ड्रिलमध्ये सहकाऱ्याशी टक्कर होऊन लेनर्डचा पाय मोडला, आणि सोमवारी जेट्स ४५-३ हरले. एका माणसामुळे ४२ पॉइंटचा फरक पडत नाही हे मान्य, पण त्या रात्री जेट्सची मागची फळी ज्या गोंधळात उभी होती तो बघवत नव्हता. पुढच्या सीझनमध्ये परत डिसेंबरातच गुडघा गेला. मग २०१२ डेन्व्हर, २०१३ ला न्यू ऑर्लिन्सचा कॅम्प (तिथला कोऑर्डिनेटर रॉब रायन, रेक्सचा जुळा भाऊ, घरचंच प्रकरण), तिथून सुटला तर बफेलोत, कारण तिथे जेट्सचा जुना कोऑर्डिनेटर माइक पेटिन आला होता, आणि २०१४ ला पेटिन क्लीव्हलंडचा हेड कोच झाला तर हाही क्लीव्हलंडला. दहा सीझन, पाच टीम, त्यातली एक दोनदा. डेन्व्हर सोडलं तर बाल्टिमोरनंतरच्या प्रत्येक ठिकाणी ओळखीचा कोच किंवा त्या कोचचा भाऊ.

ओळख नसेल त्याने काय करायचं, तर स्पेशल टीम्स. किकऑफ आणि पंटच्या, म्हणजे बॉल लाथेने दूर मारायच्या, वेळी जीव खाऊन धावणारा, ब्लॉक चुकवून टॅकल करणारा माणूस प्रत्येक टीमला लागतो आणि हे काम स्टार खेळाडूंना द्यायला कोच घाबरतात. राखीव लाइनबॅकर आणि सेफ्टी याच जोरावर नोकरी टिकवतात. मधल्या काळात टचबॅक (किकनंतर बॉल घेऊन कुणी धावतच नाही असे) इतके वाढले होते की या कामाला किंमतच उरली नव्हती, २०२४ ला किकऑफचा नियम बदलल्यावर रिटर्न परत वाढले आणि अशा लोकांना जरा बरे दिवस आले.

फोन येतो तो बहुतेक सोमवारी रात्री, कारण रविवारी कोणीतरी जखमी झालेलं असतं. मंगळवार खेळाडूंच्या सुट्टीचा, म्हणून टीम त्या दिवशी पाच-सहा मोकळ्या खेळाडूंना विमानाने बोलावून ट्रायआउट घेते. आधी मेडिकल, जुनी गुडघ्या-खांद्याची दुखणी डॉक्टर हाताने वाकवून बघतात, मग मैदानावर थोडी ड्रिल्स, मागे धावणं, वळणं, बॉल पकडणं, पाऊण तासात सगळं आटोपतं. एकाला काँट्रॅक्ट, बाकीच्यांना एअरपोर्ट. कधी कधी एकालाही नाही, टीमला फक्त इमर्जन्सी यादी अपडेट करायची असते, आणि हे येणाऱ्यालाही माहीत असतं तरी तो येतो.

लीगच्या बाहेरूनही वाट आहे. जेम्स हॅरिसन २००२ ला ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, पिट्सबर्गने घेऊन घेऊन काढला, बाल्टिमोरने २००४ ला एनएफएल युरोपमध्ये जर्मनीतल्या र्‍हाइन फायरकडे पाठवला आणि नंतर सोडला, त्याच वर्षी पिट्सबर्गच्या क्लार्क हॅगन्सच्या हाताला दुखापत झाली म्हणून परत बोलावणं आलं. २००८ ला तोच डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, आणि त्या सीझनच्या सुपर बोलमध्ये इंटरसेप्शन घेऊन १०० यार्ड धावला. कॅमेरॉन वेकला न्यूयॉर्क जायंट्सने २००५ ला काढला, तो कॅनडात बीसी लायन्सकडून २००७ आणि २००८ खेळला, २००९ ला मायामीने उचलला आणि पुढे शंभरावर सॅक केले (बॉल फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं). ही दोन उदाहरणं सगळे देतात आणि त्यामुळेच ती जपून वापरावीत, कारण त्याच वाटेने गेलेल्या बाकीच्यांची नावं कुणी घेत नाही. एनएफएल युरोप २००७ ला बंद पडली, आता कॅनडाची लीग आणि अमेरिकेतली छोटी यूएफएल उरल्यात.

आजच्या अर्थाने जर्नीमन हा प्रकार तसा १९९३ नंतरचा. त्याआधी काँट्रॅक्ट संपलं तरी खेळाडूला हव्या त्या टीमकडे जाणं जवळपास अशक्य होतं, कोर्टातल्या लढाईनंतर १९९३ ला खरी फ्री एजन्सी (काँट्रॅक्ट संपल्यावर हव्या त्या टीमकडे जायची मोकळीक) आली आणि तिचा पहिला मोठा चेहरा डिफेन्सचाच होता, रेजी व्हाइट, फिलाडेल्फियाहून ग्रीन बेला. १९९४ ला सॅलरी कॅप आली. स्टारला या दोन गोष्टींनी श्रीमंत केलं आणि खालच्या पंधरा-वीस जणांना दरवर्षी बदलण्याजोगं केलं, दोन्ही एकाच वेळी.

जर्नीमन मनात जे मोजत असतो ते टॅकल नाहीत, सीझन. रोस्टरवर तीन मॅच झाल्या की पेन्शनसाठी एक वर्ष धरलं जातं, सहा झाल्या की फ्री एजन्सीसाठी. पेन्शनला अशी तीन वर्षं लागतात, आणि तेवढी झाली की खेळ सोडल्यावर पाच वर्षं लीगचा हेल्थ इन्शुरन्सही मिळतो. दोन वर्षं झालेला राखीव सेफ्टी नोव्हेंबरमध्ये कुठल्याही बुडत्या टीमकडून तीन मॅच खेळायला तयार होतो त्यामागे हे असतं. पुढे बरेच जण कोचिंगला जातात, पाच-सहा प्लेबुक पाठ असलेला माणूस त्या कामाला तयारच असतो. लेनर्ड २०१६ ला विस्कॉन्सिनमध्ये कोच म्हणून परतला, वर्षभरात कोऑर्डिनेटर झाला, २०२२ ला हेड कोचला काढल्यावर उरलेला सीझन टीम त्यानेच चालवली, कायमची नेमणूक मात्र दुसऱ्याला मिळाली. इलिनॉयमध्ये एक सीझन काढून २०२४ ला तो डेन्व्हरच्या कोचिंग स्टाफमध्ये गेला.