न्यूयॉर्कमध्ये ट्रॅफिक तिकिटाला उत्तर न दिल्याने लायसन्स सस्पेंड झालं, तर काय करायचं?

दंड भरायला पैसे नाहीत, एवढ्याच कारणावरून न्यूयॉर्क राज्यात लायसन्स आता सस्पेंड होत नाही. २९ जून २०२१ पासून तसा कायदाच आहे. तरीही लायसन्स जातं ते तिकिटाला उत्तर न दिल्यामुळे किंवा कोर्टाची तारीख चुकवल्यामुळे. भारतात ई-चलन महिनोन्महिने पडून असतं, लोकअदालत लागली की बघू म्हणतात. ती सवय घेऊन इथे आलेल्या आपल्या मुलांना हे कोणीतरी वेळेवर सांगायलाच हवं. भारतीय लायसन्सवर गाडी चालवत असाल तरी सुटका नाही. या राज्यात गाडी चालवण्याची मुभाच सस्पेंड होते.

आधी तिकीट कोणाकडचं ते बघा. न्यूयॉर्क शहराच्या पाचही बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, वेग, सिग्नल, मोबाइल यांसाठी पोलिसाने दिलेलं तिकीट डीएमव्हीच्या (राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या) ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोकडे जातं. गुन्हा कबूल की नाकबूल, हे तिथे १५ दिवसांत कळवायचं, ऑनलाइनही चालतं. शहराबाहेर असाल तर तिकिटावर छापलेल्या कोर्टाला कळवा. सिग्नलच्या कॅमेऱ्याचं ५० डॉलरचं तिकीट गाडीमालकाच्या नावे येतं, त्याने लायसन्सवर पॉइंट (नियम मोडल्याचे गुण) चढत नाहीत.

सगळा घोळ होतो टपालात. सस्पेन्शनची ऑर्डर डीएमव्हीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर येते. लीज संपलं, नोकरी बदलली, आपण न्यू जर्सीत, आणि पत्र क्वीन्समधल्या जुन्या पेटीत. पत्ता बदलला की १० दिवसांत डीएमव्हीला कळवणं बंधनकारक आहे. पोस्टात पत्ता बदलून दिला म्हणजे डीएमव्हीकडे बदलला असं होत नाही.

सस्पेन्शन उठवायचं तर आधी त्या तिकिटाला उत्तर द्या. तिकीट किंवा ऑर्डर, लायसन्सवरचा आयडी नंबर आणि जन्मतारीख हाताशी ठेवा. तिकीट हरवलं असेल तर डीएमव्हीकडून आपला ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढा, कोणत्या कोर्टाचं ते त्यात सापडतं. उत्तर गेलं की ७० डॉलरचं सस्पेन्शन टर्मिनेशन शुल्क भरावं लागतं. ते दंडापेक्षा वेगळं. ब्युरोने तुमच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं असेल तर दंडाचाही निकाल लावावा लागेल. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागा, संकोच करू नका: महिन्याला २५ डॉलर किंवा निव्वळ मासिक उत्पन्नाच्या २ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा हप्ता. त्यासाठी पगाराच्या स्लिपा जवळ असू द्या.

तोवर गाडी चालवू नका, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नाही. लायसन्स सस्पेंड आहे हे माहीत असून किंवा माहीत असायला हवं असताना चालवली, तर तो फौजदारी गुन्हा होतो: २०० ते ५०० डॉलर दंड, ३० दिवसांपर्यंत कैद. वेगवेगळ्या तारखांची तीन सस्पेन्शन्स नावावर असतील तर कलम आणखी कडक लागतं. व्हिसावर असलेल्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावं, कारण मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये अटक कधी झाली होती का, असा थेट प्रश्न असतो. असं काही घडलंच तर आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, मग विमानाचं तिकीट काढा.

शुल्क भरल्यावरही लगेच किल्ली हातात घेऊ नका. डीएमव्हीच्या साइटवर लायसन्सचं स्टेटस तपासा. दुसरं एखादं जुनं तिकीट अडकलेलं असेल तर ते तिथेच कळतं.