मुलगा वयात येताना: रक्तातल्या खुणा कशा सापडल्या

मुलीला पाळी आली की घराला कळतं. मुलग्याचं तसं नसतं. मिसरूड फुटेपर्यंत, आवाज घोगरा होईपर्यंत आतले बदल सुरू होऊन बराच काळ झालेला असतो. त्याची खूण रक्तात असते, पण ती वाचता यायला विसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं.

वृषणातून रक्तात काहीतरी उतरतं, हे १८४९ मध्येच दिसलं होतं. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण बसवलं, तेव्हा त्यांचे तुरे वाढले, ते आरवू लागले. पण ते ‘काहीतरी’ हाती लागणं महाकठीण होतं. १९३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांना सुमारे १५ हजार लिटर लघवीतून जेमतेम १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मिळालं. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुषी संप्रेरक वेगळं काढलं गेलं. मग दहा-बारा वर्षांच्या पोराच्या चमचाभर रक्तात काय मोजणार?

हा अडसर दूर केला न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी. किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक आणि रक्तातलं संप्रेरक यांना एकाच अँटिबॉडीवर (त्या संप्रेरकाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर) जागेसाठी झगडू द्यायचं, आणि खूण लावलेलं किती बाजूला पडलं यावरून रक्तातलं प्रमाण काढायचं. १९६० च्या सुमारास इन्सुलिनसाठी बसवलेली ही पद्धत त्यांनी पेटंट न घेता सर्वांना मोकळी ठेवली. माझ्या मते त्यांचं हे औदार्य शोधाइतकंच मोलाचं. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

या मोजणीमुळे खरी चकित करणारी गोष्ट १९७२ मध्ये पुढे आली. रॉबर्ट बोयार आणि सहकाऱ्यांनी वयात येणाऱ्या मुलांचं रक्त दिवसरात्र, दर २० मिनिटांनी तपासलं. वृषणाला कामाला लावणारं मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक म्हणजे एलएच. जागेपणी खाली असलेलं हे एलएच झोप लागताच उसळ्या मारत होतं. लहान मुलांत किंवा प्रौढांत असा फरक नव्हता. मुलग्यांमध्ये त्यापाठोपाठ टेस्टोस्टेरॉनही रात्री चढतं, हे १९७४ मध्ये दिसलं. म्हणून तर रक्त सकाळी लवकर द्यायला सांगतात. दुपारच्या नमुन्यात सुरुवातीची ही वाढ सहज निसटते.

पुढे रक्तातल्या अशा खुणांची यादी वाढली. वृषणात शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींचं काम त्यांच्याच इन्हिबिन बी या संप्रेरकावरून कळतं. याच पेशींचं एएमएच हे संप्रेरक उलट चालतं: लहानपणी भरपूर असतं आणि टेस्टोस्टेरॉन वाढू लागलं की खाली येतं. ही सगळी साखळी मेंदूतून हलवणाऱ्या किसपेप्टिन या रेणूचं महत्त्व २००३ मध्ये, वयात न येणाऱ्या माणसांच्या जनुकांतून उमगलं.

तरीही डॉक्टर आधी हातात घेतात ती स्विस डॉक्टर प्राडर यांनी १९६६ मध्ये मांडलेली, वृषणाचा आकार ताडून पाहायची लहानमोठ्या मण्यांची माळ. वृषण ४ मिलिलिटरच्या मण्याएवढं झालं, की सुरुवात झाली म्हणायची. आणि चौदाव्या वर्षीही ते लहानच असेल, तर मुलगा नुसताच उशिरा वाढणारा आहे की मेंदूकडून संदेशच येत नाही, हे आजही एका रक्ततपासणीत ठामपणे सांगता येत नाही. कित्येकदा काही महिने थांबून पुन्हा रक्त घ्यावं लागतं.