नळीखालचा शिक्का

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक निघाली, की तिच्यासोबत एक गोष्टही हमखास निघते: ही दीपाजी राण्यांच्या बंडातली. बंड पोर्तुगीजांविरुद्धचे, १८५२ सालचे. केपाच्या, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर चालणाऱ्या बंदुका तेव्हा रुळलेल्या होत्या, त्यामुळे गोष्ट खोटीच असेल असे नाही. पण बंदूक कोणी घडवली हे ठरवायला गोष्ट कामाची नाही. नळीच लाकडातून सोडवून उलटी करावी लागते.

त्याआधी बार भरलेला नाही ना, हे पाहायचे. लाकडी काठी नळीच्या तोंडातून शेवटपर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि मग ती बाहेरून नळीला लावून बघावी. खुणेपासूनचे टोक केप बसते त्या निपलच्या जवळ पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. दीडशे वर्षांची दारू मेली असेल, या भरवशावर कोणी राहू नये. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते नुसते मिश्रण. कोरडे राहिले तर आजही पेटते. अशी बंदूक आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवावे. शस्त्र कायद्याचा विचारही करावाच लागतो, कारण १९५९ च्या कायद्यात जुनेपणाची सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला.

आता नावाकडे. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर ठसठशीत नाव असते आणि बहुतेकजण तिथेच फसतात. ‘टॉवर’ आणि खाली १८५६ असे कोरलेले दिसले तर बंदूक लंडनच्या टॉवरमध्ये बनली असे नव्हे. ती सरकारी तपासणीची खूण, घडवणारे हात बहुधा बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांचे. खाजगी बंदुकांवर अनेकदा विकणाऱ्या दुकानदाराचे नाव असते. नळी एकाची, चाप (घोडा आणि कमान यांची यंत्रणा) दुसऱ्याचा, लाकूड तिसऱ्याचे, अशीच त्या धंद्याची रीत होती. पट्टी उलटली की आतल्या बाजूला चाप बनवणाऱ्याची आद्याक्षरे सापडू शकतात. जोसेफ मँटनसारख्या नामांकित कारागिराचे नाव तर नकली मालावर सर्रास कोरले जाई. नावापेक्षा पत्ता बरा. लंडनच्या पर्डी कंपनीचे दुकान १८२६ पासून १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ३१४½ क्रमांकाला होते. नळीवर तो पत्ता असेल तर काळ आपोआप बांधला जातो.

खरी साक्ष मात्र नळीखालच्या शिक्क्यांची. नळी जादा दारू भरून उडवून पाहिली आणि ती फुटली नाही, याची ही पावती. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ चे. त्याच्या शिक्क्यात दोन राजदंड एकमेकांवर आडवे असतात. बेल्जियममधल्या लिएजच्या शिक्क्यात लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरे आणि खाली तारा. या लंबवर्तुळावर मुकुट आला १८९३ मध्ये. म्हणजे ‘दीपाजींच्या’ बंदुकीवर तो मुकुट निघाला, तर गोष्ट तिथेच संपली. लिएजच्याच तपासनिसाचे एक अक्षर वेगळे ठोकलेले असते; त्या अक्षरावर मात्र १८७७ पर्यंत मुकुट असे, पुढे तारा आला. एवढ्या बारीक खुणेवरून विसेक वर्षांचा फरक कळतो, आणि लोक तीच ब्रासोने घासून काढतात! घासू नका, बाजूने तिरपा टॉर्च मारा, अक्षरे वर येतात.

शिक्क्याशेजारी १६ असा आकडा दिसला तर तो नळीच्या मापाचा. एक पौंड शिशाच्या १६ सारख्या गोळ्या केल्या तर प्रत्येक २८.३५ ग्रॅमची. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणजे आकारमान २.५ घन सेंटिमीटर आणि व्यास १६.८ मिलिमीटर. नळीचा आतला व्यास तेवढाच निघाला, तर तिच्या आतून फारशी छेडछाड झालेली नाही. रायफल म्हणायची असेल तर आत पीळदार खाचा हव्यात: ब्रिटिश फौजेच्या ब्रन्सविक रायफलमध्ये दोन, १८५३ च्या एनफील्डमध्ये तीन. गुळगुळीत नळीला रायफल म्हणणारे आपल्याकडे बरेच.

गंजही बोलतो. केप म्हणजे दिवाळीतल्या टिकलीसारखीच, ठोक्याने पेटणारी, फक्त तांब्याच्या टोपीत. तिच्यात पाऱ्याच्या फल्मिनेटबरोबर पोटॅशियम क्लोरेटही घालत. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. हा क्षार आपल्या पावसाळी हवेतले पाणी ओढून निपलभोवतीचे लोखंड खातो. तिथे खड्डे असतील तर बंदूक भरपूर उडवली आणि नीट धुतली नाही. पट्टीवर बुजवलेली भोके दिसली तर बंदूक मुळात चकमकीच्या दगडाच्या ठिणगीवर चालणारी. केपाची व्यवस्था मागाहून बसवलेली. अशा वेळी नळीचा कर्ता आणि चापाचा कर्ता यांच्यात पिढीचे अंतर असू शकते.

शिक्का एकही नसेल, तर देशी कारागिराचा संशय घ्यावा. बिहारमधल्या मुंगेरसारख्या ठिकाणी विसाव्या शतकातही ठासणीच्या बंदुका होत होत्या, म्हणून नुसत्या घाटावरून वय सांगू नये. अशा बंदुकीचे स्क्रू तपासावेत. हाताने पाडलेले आटे ओबडधोबड असतात. आट्यांचा कोन ५५ अंशांचा असेल तर १८४१ नंतरचे व्हिटवर्थ नावाचे ठरीव ब्रिटिश माप, आणि स्वच्छ ६० अंशांचा असेल तर तो स्क्रू बहुधा अलीकडेच कोणीतरी म्हापशाच्या बाजारातून आणून बसवलेला.