ओक अ‍ॅपल दिन

ओक अ‍ॅपल दिन : इंग्लंडमध्ये २९ मे रोजी पाळला जाणारा, राजेशाही परत आल्याच्या आठवणीचा सण. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि पुढची ११ वर्षे देश राजाविना चालला. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स २९ मे १६६० रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये परतला. पार्लमेंटने कायदा करून हा दिवस कायमचा आभारदिन ठरवला. (लग्नात पोर्तुगालकडून मुंबई मिळालेला आणि १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकणारा राजा तो हाच.)

सणाशी ओकचे झाड जोडले गेले ते त्याआधीच्या एका पराभवामुळे. सप्टेंबर १६५१ मध्ये पार्लमेंटच्या सैन्याशी वुस्टरची लढाई हरून पळालेला चार्ल्स श्रॉपशरमधल्या बॉस्कोबेल इथे आला आणि केअरलेस नावाच्या सहकाऱ्यासह दिवसभर ओकवर लपून बसला. झाड तीन-चार वर्षांपूर्वी छाटलेले होते, त्यामुळे नव्या फुटव्याने चांगले दाटले होते. बरोबर पाव, चीज आणि हलकी बिअर. खाली पार्लमेंटचे सैनिक रान धुंडाळत होते. ही हकिकत राजाने १६८० मध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सला स्वतः सांगितली. मूळ झाड आठवण म्हणून फांद्या तोडून नेणाऱ्यांनीच संपवले.

‘ओक अ‍ॅपल’ हे फळ नव्हे. एक बारीक गांधीलमाशी कोंबात अंडी घालते, तिथे सफरचंदासारखी गोल गाठ धरते, ती ही. आपल्या बाळगुटीतले मायफळ म्हणजे दुसऱ्या एका ओकवरची अशीच गाठ. सणाला लोक ही गाठ किंवा ओकची डहाळी टोपीत खोवत. ज्याच्याकडे डहाळी नसे, त्याच्या पायांवर पोरे आग करणारी नेटलची पाने घासत.

सरकारी सण १८५९ मध्ये रद्द झाला. टिकला तो जिथे गावाचे स्वतःचे काही त्यात गुंतले होते तिथे. लंडनच्या चेल्सी रुग्णालयात, म्हणजे खरे तर वृद्ध सैनिकांच्या आश्रमात, संस्थापक म्हणून चार्ल्सचा पुतळा ओकच्या पानांनी मढवतात. डर्बीशरमधल्या कॅसलटनला घोड्यावरचा ‘राजा’ कमरेपर्यंत फुलांच्या घंटाकार सांगाड्यात झाकून मिरवतो आणि मग तो सांगाडा दोराने चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. हे रूप राजेशाहीपेक्षा वसंतोत्सवाचेच जास्त वाटते.

विल्टशरमधल्या ग्रेट विशफर्डला तर राजा जवळजवळ विसरलाच गेला आहे. तिथे भांडण सरपणाचे. ग्रोव्हली जंगलातून लाकूड आणण्याचा गावाचा हक्क १६०३ मध्ये लेखी नोंदला गेला. तो बुडू नये म्हणून गावकरी २९ मेला पहाटे उठून हिरव्या फांद्या तोडून आणतात, मग सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये जाऊन ओरडतात, “ग्रोव्हली, ग्रोव्हली, आणि सगळी ग्रोव्हली!” एक फांदी गावच्या चर्चच्या मनोऱ्यावर बांधतात, तिथे लग्न करणाऱ्यांना ती लाभते म्हणे.