कुष्ठरोग : 'निर्मूलन', 'दुरीकरण' आणि ३१ मार्चची नोंद

१९५५ साली देशात कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हाताशी डॅप्सोन हे एकच औषध होते आणि ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन औषधे देण्याची पद्धत, आला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता. १९८३ मध्ये कार्यक्रमाच्या नावातले 'नियंत्रण' जाऊन तिथे 'निर्मूलन' आले.

जागतिक पातळीवर १९९१ मध्ये ठरलेले उद्दिष्ट मात्र निर्मूलनाचे, म्हणजे रोग मुळासकट संपवण्याचे, नव्हतेच. दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्ण एकापेक्षा कमी झाले, की 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' म्हणून रोग संपला असे धरायचे. याला नेमका शब्द 'दुरीकरण'. सरकारी कागदांवर दोन्ही शब्द सरमिसळ होऊन आले आणि गावात पोचला तो 'संपला' एवढाच अर्थ.

खरी अडचण मोजण्यात होती. हा दर ३१ मार्चला उपचार चालू असलेल्यांवरून काढत. एखाद्या तालुक्यात वर्षाला दहा नवे सांसर्गिक रुग्ण सापडतात असे समजा. उपचार २४ महिन्यांचा असेल तर नोंदवहीत वीस नावे राहतात. १९९८ नंतर तो १२ महिन्यांवर आला, की दहाच उरतात. रोगाचा प्रसार मात्र जागचा हललेला नसतो. असांसर्गिक रुग्णाचा उपचार सहा महिन्यांचा. जूनमध्ये सुरू करून डिसेंबरात बरा झालेला माणूस तर मार्चच्या मोजणीत दिसतच नाही. उपचार कमी काळाचा झाला हे रुग्णाच्या भल्याचेच होते. पण त्याने घटलेला आकडा रोग हटल्याचा पुरावा म्हणून वापरणे चूकच होते.

डिसेंबर २००५ मध्ये देशाचा दर ०.९५ वर आला आणि उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावले गेले, घरोघरचा शोध मंदावला. नवे रुग्ण मात्र पुढची दहा वर्षे दरसाल सव्वा लाखाहून जास्तच सापडत राहिले. कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचे टोक अलगद टेकवावे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगावे, तेव्हा कुठे बधिरपणा कळतो. त्यासाठी कुणीतरी दारात जावेच लागते. २०१६ मध्ये पुन्हा चौदा दिवसांच्या शोधमोहिमा सुरू झाल्या. आशा कार्यकर्तीबरोबर एक पुरुष स्वयंसेवक, म्हणजे बायकांची आणि पुरुषांची दोघांचीही तपासणी होते.

आता २०२७ पर्यंत प्रसार शून्यावर आणायचे ठरले आहे. या वेळी नजर आहे ती नव्या बालरुग्णांवर. लहान मुलाच्या अंगावर चट्टा दिसला, की घरात किंवा शेजारी कुणीतरी उपचाराविना आहे असे समजायचे आणि तिथून शोध सुरू करायचा.