डूम उघडण्याआधी: हेडलाइटचा गोंद, उष्णता आणि थोडा धीर

परतीचा पाऊस पडून गेलेल्या सकाळी सोलापुरात कितीतरी गाड्यांच्या हेडलाइटला आतून दव धरलेलं दिसतं. सील गेलं असं समजून लगेच डूम, म्हणजे काच आणि मागचा डबा मिळून बनलेला हेडलाइटचा अख्खा संच, उघडायला घेऊ नका. हेडलाइट बंद दिसली तरी हवाबंद नसते. तिच्या मागच्या बाजूला श्वासनळ्या असतात, कुठे वाकडी रबरी नळी, कुठे बारीक पडदा चिकटवलेलं भोक. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि या वाटेनं बाहेर पडते. दिवा विझला की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि पावसाळी दिवसात तिच्यासोबत ओलही येते. काच गार असली की ती ओल तिच्यावर धरते. दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर धुकं विरत असेल, तर डूम ठणठणीत आहे.

थेंब ओघळून तळाशी पाणी साचत असेल तर मात्र दुखणं खरं आहे. तरीही आधी मागची रबरी टोपणं नीट बसलीत का आणि बल्बची रिंग फाटली आहे का, हे बघा. बल्ब बदलताना टोपण तिरपं बसणं, हे पाणी शिरण्याचं फार नेहमीचं कारण आहे. तापलेल्या दिव्यावर धुलाईचं गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आकसते आणि त्या फटीतून पाणी अक्षरशः शोषून घेते.

काच पिवळी पडली म्हणूनही डूम उघडू नये. ही ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो, आणि तो थर बाहेरच्या बाजूला असतो. वॉटर पेपर ८०० नंबरपासून २००० पर्यंत पाण्यासोबत फिरवून, पॉलिश करून, वर अतिनील-रोधक क्लिअर कोट मारला की काम होतं. हा कोट टाळला तर सोलापूरच्या एप्रिल-मेमधलं ऊन काही महिन्यांतच काच पुन्हा धुरकट करतं.

उघडावंच लागतं ते सांध्यातून पाणी येत असेल, दिव्याभोवतीची शोभेची आतली पट्टी निसटली असेल, फोकस फिरवणारा स्क्रू तुटला असेल किंवा प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून रेखीव झोत टाकणारा दिवा, बसवायचा असेल तेव्हा. त्यासाठी काच कशानं चिकटवली आहे हे आधी ओळखावं लागतं. सांध्यातून डोकावणाऱ्या गोंदात बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. काळा गोंद खड्डा पडून तसाच राहिला आणि बोटाला तार सुटली, तर ते ब्युटाइल रबर, गरम केल्यावर सैल होणारं. टोक काढताच गोंद रबरासारखा परत उसळला, तर तो पॉलियुरेथेनसारखा पक्का सील. तो उष्णतेनं सुटत नाही, यंत्रानं कापावा लागतो, आणि कापताना काचेची कड तडकण्याची शक्यता फार मोठी असते. असा डूम घरी उघडू नये, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

ब्युटाइलचा सगळा खेळ उष्णतेच्या एका अरुंद पट्ट्यात चालतो. साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसला ते काच सोडण्याइतकं मऊ होतं. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मागचा काळा डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो १६० ते १६५ अंशांना वितळतो, पण त्याच्या बऱ्याच आधी जोर लावला की वाकतो. म्हणून १०५ अंश धरून चालावं. गाडी दिवसभर उन्हात ठेवून सील सुटेल ही आशा फोल आहे. मे महिन्यातही डूम तेवढा तापत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग बल्ब, पार्किंगचा दिवा, झोत वर-खाली करणारी लेव्हलची मोटर, रबरी टोपणं आणि सांध्यावरचे सगळे स्क्रू-क्लिपा. विसरलेला एकच स्क्रू पुढे काच फोडतो. ज्यात डूम मावेल अशी विजेची भट्टी (ओव्हन) हवी, आणि ती पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. डायलवर भरवसा न ठेवता आत थर्मामीटर ठेवा. भट्टी आधी तापवून घ्या. एलिमेंट लाल असताना डूम आत सरकवू नका, कारण हवा १०५ अंश असली तरी लाल एलिमेंटची धग समोरचं प्लॅस्टिक थेट भाजते. जाळीवर लाकडी फळी, फळीवर डूम, आठ ते दहा मिनिटं. एवढी मोठी भट्टी नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात डूम ठेवून हीट गननं (गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं) हवा खेळवता येते. मात्र झोत डूमवर सरळ पडू देऊ नका, गनचं तोंड पुठ्ठ्याला टेकवू नका आणि तिथून हलू नका. गॅसची शेगडी किंवा टॉर्च अजिबात नको.

बाहेर काढल्यावर हातमोजे घालून एका कोपऱ्यातून सुरुवात करा. रुंद प्लॅस्टिकची पट्टी घालून थोडं उचला, मग पुढची जागा. एकाच ठिकाणी जोर दिला की काचेची कड तुटते. गोंद घट्ट वाटू लागला की ओढाताण न करता पुन्हा पाच मिनिटं भट्टीत. दोन-तीन फेऱ्या लागतातच. काच खाली आणि डबा वर असा धरा. ब्युटाइलच्या केसासारख्या काळ्या तारा सुटतात, त्या काचेवर पडल्या तर पुसता येतात. रिफ्लेक्टरवर, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीवर, पडल्या तर डाग कायमचा.

रिफ्लेक्टरची चकाकी म्हणजे निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर, जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी. मऊ कापडही त्याला ओरखडतं. धूळ हातपंपाच्या हवेनं उडवा, बस. काच आतून साबणाच्या पाण्यानं धुवा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन लावाल तर पॉलिकार्बोनेटला बारीक भेगांचं जाळं पडतं. आतली पट्टी काळी रंगवली असेल तर ती ६० ते ७० अंशांवर तासभर भाजा, नाहीतर रंगातलं द्रावक पुढे दिव्याच्या उष्णतेनं उडून काचेवर धुक्यासारखं बसतं. रिफ्लेक्टर तपकिरी झाला असेल तर बहुतेक वेळा जास्त वॉटचा बल्ब लावलेला असतो. १२ व्होल्टला ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॉटचा सुमारे ८.३. वायर आणि होल्डरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे पावणेतीनपट. होल्डर वितळतो तो यामुळे.

बंद करताना जुना गोंद गरम असतानाच खरवडून काढा. डब्याच्या कडेला काच बसते त्या खाचेची लांबी सुतळीनं मोजून तेवढी ब्युटाइलची दोरी घ्या आणि ओढून बारीक न करता भरा. दोरीची दोन टोकं खाचेच्या वरच्या भागात एकमेकांवर चढवा, तळाशी नको. ब्युटाइलवर सिलिकॉन चिकटत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन रिफ्लेक्टरचा थर खराब करतं. काच बसवून पुन्हा आठ-दहा मिनिटं तापवा, चहूबाजूंनी दाबा, क्लॅम्प लावा, स्क्रू कसा. हे काम बंद खोलीत, फरशी ओल्या फडक्यानं पुसून करा. इथल्या वाऱ्यातली बारीक धूळ आत गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गळती तपासायला एक सोडून सगळी भोकं बंद करा, सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि उरलेल्या भोकातून तोंडानं हलकेच फुंका. फट असेल तिथे बुडबुडा फुगतो. तपासून झालं की श्वासनळ्या मोकळ्या करा. ‘आणखी पक्कं’ म्हणून त्या बुजवल्या, तर ओल आतच अडकते.

प्रोजेक्टर घेताना तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनलेला आहे का, हे भिंतीवर झोत पाडून बघा. आपल्याकडे झोताची वरची कड डावीकडे चढती हवी. उसाच्या हंगामात विजापूर किंवा पुणे रस्त्याच्या कडेला मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, ती वेळेत दिसते ती या चढत्या कडेमुळे. उजवीकडे चढणारा प्रोजेक्टर तोच उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत टाकतो. डोळे दिपवणारा झोत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनाही चालत नाही.

शेवटी गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. टायरमध्ये नेमकी हवा, चालकाच्या सीटवर माणूस, लेव्हलचं बटण शून्यावर. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा आणि त्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपरची, म्हणजे खालच्या झोताची, सपाट कड या दुसऱ्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवा. दोन-तीनशे किलोमीटर चालवून झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण नव्यानं बसवलेले स्क्रू खड्ड्यांनी थोडे सरकतात.